जिन्यात उभी असलेली मुलगी

अमेरिकेहून परत आलेल्या माणसानं पुण्यात धबधब्याचे फोटो दाखवायचे असतात, असा एक अलिखित नियम आहे. मी २००५ च्या हिवाळ्यात तिकडे चांगले चार-पाच महिने राहिलो आणि धबधबा न बघताच आलो. हे कळल्यावर आमच्या सोसायटीतले एक शेजारी म्हणाले, "म्हणजे काशीला जाऊन गंगेत पाय न बुडवता परत आलात की." खरी गोष्ट अशी, की त्या धबधब्यापासून काही तासांच्या अंतरावर मी आणि माझी सून मृण्मयी काही दिवस मुक्कामाला होतो, पण आमचा उद्योग वेगळाच होता. आता तीन वर्षं होतील त्याला. अजूनही नोव्हेंबरात हवा जरा गार झाली की मला त्या दिवसांची हुरहूर लागते, म्हणून हे लिहून टाकतो आहे.

आधी थोडं मागे जायला हवं. मी उभी हयात पुण्यात फ्रेंच शिकवण्यात घालवली. वर्ग एका पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत भरायचा. त्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांना फ्रेंच भाषेबरोबर ज्वारी-बाजरीचा वासही कायमचा आठवत असणार. शनिवारी वर्ग संपला की मी घरून रिक्षात घालून आणलेला व्हिडिओ लावायचो, सगळ्यांत मिळून फुटाणे असायचे, आणि फ्रेंच चित्रपट बघायचा. खाली मराठी-इंग्रजी ओळी वगैरे नसत. मीच मधे मधे टेप थांबवून संवाद म्हणून दाखवायचो, साभिनय. गिरणी चालू असली तर ओरडून.

त्यातला एक चित्रपट मुलांचा फार लाडका होता. एका जुन्या विद्यार्थ्यानं पॅरिसहून त्याची टेप पाठवली होती. पॅरिस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मनोरा आणि अत्तर येतं. यात दोन्ही नव्हतं. होत्या त्या शहराबाहेरच्या उंच, एकसारख्या इमारती, बंद पडलेली लिफ्ट आणि जिन्यात बसून राहिलेली बेकार पोरं. बहुतेकांचे आईबाप उत्तर आफ्रिकेतून पोटासाठी आलेले. नव्वदच्या दशकात तिकडे असे चित्रपट बरेच निघाले. आमच्या टेपेत सगळं काळंपांढरं होतं, आणि दिग्दर्शकानं या पोरांच्या आयुष्यातून रंगच कसा काढून घेतला आहे, यावर मी दरवर्षी एक छोटंसं भाषण देत असे.

त्यातला जिन्यातला प्रसंग म्हणजे माझा हुकमी एक्का. करीम आणि त्याचे तीन मित्र पायऱ्यांवर बसलेले आहेत. करीमची बहीण खालून धुतलेल्या ओल्या कपड्यांची टोपली घेऊन वर येते. तिला कोणीतरी बसस्टॉपवर एका मुलाशी बोलताना पाहिलं आहे. करीम विचारतो, कोण होता तो? एक मित्र चेष्टा करतो, दुसरा तिची बाजू घेतो, तिसरा त्याच्या अंगावर जातो. मग पोलिसांनी परवा कसं मारलं ते निघतं, नोकरीचं निघतं, बापाचं निघतं. शेवटी करीम भिंतीवर मूठ आपटतो आणि ओक्साबोक्शी रडतो. ते रडणं मी असं काही करून दाखवायचो, की खाली दळण घेऊन आलेल्या बायका वर बघायच्या. बहिणीला साऱ्या प्रसंगात एकच वाक्य होतं, "आई वाट बघतेय." ते मी घाईघाईत म्हणून टाकायचो.

मृण्मयी त्या वर्गात मागच्या बाकावर बसणारी मुलगी. पुढे निरंजन, म्हणजे माझा मुलगा, अमेरिकेहून सुट्टीवर आला असताना दोघांची ओळख झाली आणि ती आमच्या घरात आली. तेव्हापासून ती मला बाबा म्हणते. फार घाबरली तर मात्र अजून 'सर' निघतं.

जर्सी सिटी

निरंजनचं घर नदीकाठच्या एका उंच इमारतीत होतं. सकाळी सगळी इमारत पाठीला बॅगा लावून स्टेशनकडे पळायची, आणि मग दिवसभर आत उरायच्या बायका, लहान मुलं आणि आमच्यासारखे पाहुणे आलेले आईबाप. खालच्या बाकांवर दुपारी पुण्या-नागपूरच्या सासवांची सभा भरे. आमच्या हिला, सुमनला, दोन दिवसांत तिथे मैत्रिणी मिळाल्या. सासऱ्यांच्या बाकावर मात्र गुडघे आणि शेअर बाजार यांखेरीज विषय नव्हता.

मृण्मयी निरंजनच्या व्हिसावर आलेली. त्या व्हिसावर बायकोला नोकरी करता येत नाही, शिकता येतं. लग्न होऊन आल्यापासून ती लायब्ररीतून चित्रपट आणून बघत होती, संध्याकाळचे कोर्स करत होती आणि लिहीत होती. विषय तोच, पॅरिसच्या उपनगरांतले चित्रपट. त्या पोरांचं पुरुष होणं म्हणजे नेमकं काय, आणि त्यात त्यांच्या बहिणी, आया, मैत्रिणी कुठे असतात, असं काहीसं. तिच्याच सांगण्यावरून मी पुण्याहून ती टेप घेऊन आलो होतो, कारण तो चित्रपट तिला अमेरिकेत कुठे मिळेना.

आम्ही पोचलो तेव्हा टीव्हीवर रोज फ्रान्समधल्या जळणाऱ्या गाड्या दिसत होत्या. त्याच इमारती, तशीच पोरं. रविवारी निरंजनचे मित्र जेवायला आले होते.

"यार, जॉब्स दिले नाहीत की हेच होणार," एकजण म्हणाला.

"जॉबचा प्रश्न नाहीये, अॅटिट्यूडचा आहे," दुसरा म्हणाला.

"अरे, हिला विचारा ना. हिचा सब्जेक्टच आहे तो," निरंजन अभिमानानं म्हणाला. मृण्मयी बोलायला लागणार तेवढ्यात तोच पुढे म्हणाला, "म्हणजे बघ, हिचं म्हणणं असं आहे की..." आणि बराच वेळ तिचं म्हणणं त्यानं समजावून सांगितलं. बरोबर सांगितलं, हेही मान्य करायला हवं.

माझा मुलगा वाईट नाही. रविवारचे पोहे तो स्वतः करतो, आणि माझ्या वडिलांनी जन्मात उचललं नाही ते खरकटं ताट तो न सांगता उचलतो. पण त्याच आठवड्यात त्याला रेडमंडला, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, मोठी नोकरी मिळाली होती, आणि तो भेटेल त्याला सांगत होता, "आम्ही जानेवारीत मूव्ह होतोय." त्या 'आम्ही'त किती माणसं आहेत याची चौकशी कोणी केली नव्हती.

मृण्मयीचा निबंध उत्तरेकडच्या एका विद्यापीठातल्या चर्चासत्रासाठी निवडला गेला होता. निरंजनला रजा नव्हती. "बाबा, तुम्ही जा ना बरोबर. तेवढीच सोबत," तो म्हणाला. सुमनचे गुडघे गाडीत बसून राहण्याजोगे नव्हते. तिनं तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं बांधून दिलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, निबंध तिचा आहे. तुम्ही मधे मधे करू नका."

डोंगरातला रस्ता

पानगळ संपत आली होती. डोंगरांवर नुसते खराटे उभे होते, आणि मधेच एखाद्या झाडाला उरलेली तांबडी पानं. आपल्याकडे सह्याद्रीत वैशाखात जसं उघडंबोडकं दिसतं तसं, पण थंडीत. मृण्मयी गाडी छान चालवत होती. मी नकाशा मांडीवर घेऊन तिला चुकीच्या दिशा सांगत होतो.

न्यू यॉर्क राज्यात शिरल्यावर एका पेट्रोल पंपावर आमची फजिती झाली. गाडी पंपाशी लावून आम्ही दोघं काचा खाली करून बसून राहिलो. कोणी येईना. मी म्हटलं, जेवायला गेला असेल माणूस. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली तेव्हा मृण्मयीच्या लक्षात आलं, की इथे पेट्रोल आपलं आपण भरायचं असतं. न्यू जर्सीत स्वतः भरायला कायद्यानंच बंदी आहे, आणि तिचं सगळं ड्रायव्हिंग न्यू जर्सीत झालेलं. खाली उतरून ती नळीशी झटापट करायला लागली. मागच्या गाडीतला दाढीवाला गृहस्थ उतरून आला आणि तिच्याकडे न बघता मला विचारू लागला, की तुमच्या मुलीला मदत करू का?

"आय अॅम हिअर," मृण्मयी म्हणाली. "तुम्ही मला विचारू शकता."

तो ओशाळला. मग त्यानं दाखवलं आणि तिनं भरलं. गाडीत येऊन बसली तेव्हा हाताला पेट्रोलचा वास येत होता आणि चेहरा लाल झाला होता. मला वाटलं चिडली आहे, पण ती एकदम म्हणाली, "सर, मी इथे अर्ज केलाय."

"कुठे, पंपावर?"

"विद्यापीठात. एम.ए.साठी. ज्या बाई निवड करतात त्या उद्या माझा निबंध ऐकायला बसणार आहेत. त्यांना पटलं तर जानेवारीपासून जागा मिळेल."

"निरंजनला माहीत आहे?"

"सांगितलं होतं. दोनदा. तो 'बघू' म्हणाला. मग रेडमंडचं आलं."

मी नकाशा उलटा धरून बघत राहिलो. एकीकडे पोटचा मुलगा आणि दुसरीकडे मागच्या बाकावरची माझी विद्यार्थिनी. मला मनातून वाटत होतं की तिला जागा मिळावी, आणि तसं वाटल्याबद्दल मुलाशी बेइमानी केल्यासारखंही वाटत होतं. सुमनच्या पुऱ्या आम्ही एका तळ्याकाठी बसून खाल्ल्या. वाऱ्यानं कागद उडत होते, हात बधिर झाले होते. इतक्या चविष्ट पुऱ्या मी पुन्हा कधी खाल्ल्या नाहीत.

वासंतीताईंचं स्वयंपाकघर

मुक्काम वासंती मेश्राम यांच्याकडे होता. मूळच्या नागपूरच्या, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या, पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या. मृण्मयीची त्यांच्याशी ओळख एका मराठी मंडळाच्या ई-मेलांतून झालेली. दारातच त्यांनी आमच्या पिशव्या हिसकावून घेतल्या. "या सर, या. मी केव्हाची वाट पाहून राहिली. आधी चहा घ्या बाप्पा, मग बाकीचं."

घर लहान, नीटनेटकं. खिडकीत बुद्धाची पांढरी मूर्ती आणि शेजारी मिरचीचं रोप. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या वंदनेचे पाली शब्द ऐकत मी सोफ्यावर पडून होतो. बाहेर बर्फाची भुरभुर, आत ते संथ स्वर. परदेशात आहोत हे काही क्षण विसरायला झालं.

आलो त्याच दिवशी, चहा होताच आम्ही टेप घेऊन विद्यापीठाच्या लायब्ररीत गेलो. निरंजनच्या घरी टेपेचं यंत्र नसल्यानं ती अजून लावून बघितलीच नव्हती. तिथल्या माणसानं ती यंत्रात घातली, आणि पडद्यावर नुसत्या आडव्या पट्ट्या पळायला लागल्या. त्यानं समजावलं, की फ्रान्समधल्या टेपा एका पद्धतीच्या असतात आणि अमेरिकेतली यंत्रं दुसऱ्या. दोन्ही चालवणारं एक यंत्र त्यांच्याकडे होतं, ते नेमकं दुरुस्तीला गेलेलं. मृण्मयीचा सगळा निबंध जिन्यातल्या त्या प्रसंगावर उभा होता. ती पांढरी पडली.

"सर, आता काय?"

"आता काय म्हणजे? गिरणीवर काय करायचो आपण? मी करून दाखवतो," मी म्हटलं. सुमनचं बजावणं मला आठवलं नाही असं नाही. पण टेप चालत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला स्फुरण चढलं होतं.

संध्याकाळी वासंतीताईंच्या स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली. मी चारही पोरं झालो. फ्रिज म्हणजे भिंत. त्या वरणाचं पातेलं, त्यांच्या भाषेत गंज, शेगडीवरून उतरवून टेबलाकडे निघाल्या होत्या. मी म्हटलं, "ताई, जरा तिथेच थांबा. तुम्ही करीमची बहीण." त्या हौसेनं थांबल्या. मी करीम झालो, चेष्टा करणारा झालो, बाजू घेणारा झालो. पोलिसांचं झालं, नोकरीचं झालं. बापाच्या भागात मी रंगात आलो असताना वासंतीताई म्हणाल्या, "सर, माह्या हातात गरम गंज आहे. तुमचे पोट्टे कवा आटपतात?"

मी हसलो. मृण्मयी हसली नाही. ती वासंतीताईंकडे बघत होती. त्यांनी पातेलं टेबलावर ठेवलं आणि हात झटकत म्हणाल्या, "आमच्या क्वार्टर्सच्या जिन्यात पण असेच बसायचे. चांगली पोरं होती, हां. काम नव्हतं त्यायले. आम्ही बहिणी मागच्या जिन्यानं जायचो. त्या जिन्यात दिवाच नव्हता."

जेवण झाल्यावर मृण्मयी निबंधाची पानं घेऊन बसली आणि एकामागून एक खोडत सुटली. मी विचारलं तर म्हणाली, "बाबा, उद्या तुम्ही चारही मुलं करा. बहीण मी होते."

चर्चासत्र

खोली साधी, शाळेच्या वर्गाएवढी. वीस-पंचवीस माणसं, बहुतेक तरुण. पुढे एक पांढऱ्या केसांच्या बाई बसल्या होत्या. त्याच निवड करणाऱ्या. जन्मानं फ्रेंच, त्यामुळे माझ्या फ्रेंच उच्चारांची मला एकाएकी लाज वाटायला लागली. वासंतीताई प्रयोगशाळेतून वेळ काढून मागे येऊन उभ्या होत्या. त्यांच्याच घरची कपड्यांची टोपली मृण्मयीनं आणली होती, आणि आत खरोखरीचे ओले टॉवेल भरले होते.

मृण्मयीनं दोन वाक्यांत प्रसंग सांगितला, टोपली उचलली आणि उभी राहिली. मी सुरुवात केली. पहिल्या काही वाक्यांनंतर जमलं. करीमचा आवाज लागला, समोरची पोरं हसली, मला गिरणीचे दिवस आठवले. मी तिच्या डावीकडे गेलो, उजवीकडे गेलो, तिच्या खांद्यावरून पलीकडच्या मित्राला शिव्या दिल्या. बापाचा भाग आला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की खोलीतलं कोणीही माझ्याकडे बघत नाहीये.

सगळे तिच्या हातांकडे बघत होते. ओले टॉवेल जड असतात. टोपली हळूहळू खाली येत होती, ती पुन्हा वर घेत होती, आणि टोपलीतून पाणी ठिबकून तिच्या बुटांवर पडत होतं. तिला जायला जागाही नव्हती, कारण वाट मी अडवली होती. इतकी वर्षं मी हा प्रसंग केला, पण ही मुलगी एवढा वेळ तिथे उभी असते हे मला कधी जाणवलं नव्हतं. मी भिंतीवर मूठ आपटली, रडलो. रडणं खोटं झालं नाही, पण ते करीमचं राहिलं नाही. माझ्या सुनेचे हात थरथरताना बघून मला खरंच भरून आलं होतं.

"आई वाट बघतेय," मृण्मयी म्हणाली. सावकाश. मग टोपली खाली ठेवली आणि वाचायला लागली.

तिनं फार थोडं वाचलं. ती म्हणाली, या मुलांचा राग खरा आहे. पोलिसांनी त्यांना मारलेलं खरं आहे, लिफ्ट बंद आहे हे खरं आहे, आणि हे दाखवलं म्हणून या चित्रपटांचे उपकार मानले पाहिजेत. पण त्यांच्या ताब्यात उरला आहे तो फक्त जिना, आणि आपण पुरुष आहोत हे दाखवायला त्यांना तिथे एक मुलगी उभी लागते. कधी तिची राखण करायची, कधी तिला नावं ठेवायची. ती नसेल तर हे सगळं दाखवणार कोणाला? बसस्टॉपवर कोण होतं याची चर्चा संपूर्ण प्रसंगभर चालते, आणि ज्या एका माणसाला ते माहीत आहे तिला उत्तर द्यायला कोणी थांबत नाही.

एका तरुणानं हात वर केला. चित्रपट मुलांच्या नजरेतून आहे, मग त्यानं मुलांचंच दाखवलं तर तो प्रामाणिकपणा नाही का?

"आहे," मृण्मयी म्हणाली. "पण जिना तिचाही आहे."

मग त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं, "दिग्दर्शकानं तिला बोलू दिलं असतं, तर ती काय म्हणाली असती?"

मी मागे जाऊन बसलो होतो. मला निदान चार चांगली उत्तरं सुचली होती. मृण्मयी म्हणाली, "मला माहीत नाही, मादाम. तिच्या वतीनं बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांत माझी भर नको."

बाईंनी मान डोलावली आणि कागदावर काही लिहिलं नाही. तो बरा शकुन की वाईट हे मला कळेना. चहाच्या वेळी त्या माझ्यापाशी आल्या, माझ्या फ्रेंचचं कौतुक केलं आणि म्हणाल्या, की त्या स्वतः अशाच एका इमारतीत वाढल्या. मी संधी साधून दिग्दर्शकानं चित्रपट काळापांढरा ठेवल्याचं भाषण सुरू केलं. त्या गोंधळल्या. "चित्रपट रंगीत आहे. तिच्या हातातली टोपली नारिंगी आहे." फ्रेंच टेप आपल्याकडच्या यंत्रावर लागते, पण रंग गाळून, हे मला त्या दिवशी कळलं. विद्यार्थ्यांच्या किती पिढ्यांना मी ते भाषण ऐकवलं होतं, देव जाणे. मृण्मयी इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी तिला खोलीत बोलावलं. बाहेर आली तेव्हा ती नुसतं "जानेवारी" एवढंच म्हणाली, आणि वासंतीताईंच्या गळ्यात पडली.

फोन

त्या संध्याकाळी निरंजनचा फोन वासंतीताईंच्या घरी आला. मीच उचलला.

"बाबा, कसं झालं?"

"उत्तम. मृण्मयीला देतो."

"थांबा, आधी ऐका. रेडमंडचं घर फायनल होतंय. ऑफिसला डायरेक्ट बस आहे. शनिवारी साइन करायचंय. ती हल्ली जरा गप्प असते, तुम्ही समजावून सांगा ना. तुमचं ऐकते ती."

तिला जागा मिळाली, हे शब्द माझ्या जिभेवर येऊन बसले होते. मी सांगितलं असतं तर चांगलं सांगितलं असतं, युक्तिवादासकट. समोर मृण्मयी भाजी चिरायची थांबून माझ्याकडे बघत होती. आयुष्यात जीभ इतकी आवरल्याचं मला आठवत नाही.

"निरंजन, ती इथेच उभी आहे," मी म्हटलं. "तिला सांगू नकोस. विचार." आणि फोन तिच्या हातात दिला.

मग मी आणि वासंतीताई मागच्या अंगणात जाऊन उभे राहिलो. मी स्वेटर आतच विसरलो होतो. काचेतून मृण्मयी दिसत होती. बराच वेळ नुसती ऐकत होती, मग बोलायला लागली. हातवारे करत होती. काय बोलत होती ते ऐकू येत नव्हतं, आणि ते ऐकू येऊ नये असंच मला वाटत होतं.

"मी इकडे आले तेव्हा माह्या भावानं विचारलं, एकटी राहशील का?" वासंतीताई म्हणाल्या. "मी म्हटलं, राहून पाहते. अजून राहूनच पाहून राहिली." थंडीनं माझे दात वाजत होते, तरी आत जावंसं वाटेना.

परतीच्या वाटेवर मृण्मयीनं आपणहून सांगितलं. निरंजन आधी चिडला. मला का नाही सांगितलंस, म्हणाला. तिनं म्हटलं, सांगितलं होतं, दोनदा.  मग म्हणाला, "आता सांग." आणि तिनं सगळं सांगितलं.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत, हे लपवत नाही. जर्सी सिटीच्या त्या घरात भांडणं झाली, अबोले झाले. दोन टोकांना दोन घरं म्हणजे संसार कसला, असं सुमनही म्हणाली, आणि तिची काळजी मला कळत होती. मी कोणाच्याच बाजूनं बोललो नाही. एका संध्याकाळी निरंजननं रेडमंडच्या घरमालकाला फोन करून मोठं घर रद्द केलं आणि एका खोलीचं घेतलं. त्या रात्री त्यानं नीट जेवण केलं नाही. पण सकाळी तो मृण्मयीबरोबर बसून तिच्या विद्यापीठाचे फॉर्म भरत होता, आणि मधे मधे तिला विचारत होता.

जानेवारीत आम्ही तिघं त्याला विमानतळावर सोडायला गेलो. बॅगेत कुकर होता, सुमनची चटणी होती. मला माझा मुलगा एकदम लहान दिसायला लागला, आणि त्याचा मला अभिमानही वाटला. आत जायच्या दारापाशी तो थांबला, वळला आणि मृण्मयीला म्हणाला, "सुट्टीत मी इकडे येऊ, की तू तिकडे येशील?"

मी तोंड उघडणार होतो. सुमननं माझा हात दाबला.

मृण्मयी त्याच्याकडे बघून हसली. "विचार करून सांगते," ती म्हणाली, आणि तो बॅग खाली ठेवून तिथेच उभा राहिला.